तिसरी हाक कापताना

आई, तुला एक विचारायचं होतं. तुझा आवाज भुताच्या सिनेमात घेतला असता तर तुला चाललं असतं का? म्हणजे सिनेमातही नाही, त्याच्या ट्रेलरमध्ये. थांब, लगेच कपाळाला हात लावू नकोस, नीट सांगते सगळं.

माझं काम तुला कधी धड कळलं नाही. "सिनेमो दुसऱ्यान काढल्यान, मगे तू काय करतंस?" असं तू दर गणपतीला विचारायचीस. मी म्हणायचे, अगं, दोन तासांच्या सिनेमातून दोन मिनिटं काढते. लोकांना भीती वाटली पाहिजे, पण कशाची ते कळता कामा नये. यावर तू म्हणायचीस, "पैसे देवन भियाक जातत? वेडी माणसां!" एकदा मुलुंडच्या आपल्या स्वयंपाकघरात मी तुला मोबाईलवर असाच एक ट्रेलर दाखवला होता. तू बांगडे साफ करत होतीस. त्याच हातांनी डोळे झाकायला निघालीस, तेव्हा मी किंचाळले, मग तू कोपर आडवं धरलंस. डोळे घट्ट मिटलेले, तरी दचकून विळीवरून उठलीस! म्हटलं, आता उलटं करून बघू. तुझ्या दोन्ही कानांवर माझे तळहात दाबले आणि तोच ट्रेलर परत लावला. तू बघतेयस. रिकामा जिना, अर्धवट उघडं दार, पाठमोरी बाई. आणि तू चक्क हसायला लागलीस. "शिरा पडो ह्येच्यार, ह्यात भियासारख्या काय आसा?" माझ्या तळहातांना दिवसभर तुझ्या खोबरेल तेलाचा वास येत होता.

सगळी भीती कानातूनच शिरते, आम्ही हेच करतो गं. आवाज हळूहळू वाढवत नेतो, इतका हळू की बघणाऱ्याला आपण श्वास धरलाय हेही कळत नाही. मग एकदम सगळं बंद. संगीत नाही, पंख्याची घरघर नाही, काही नाही. आणि पडद्यावर ते रिकामं दार, नको तितका वेळ. बघणारा स्वतःच त्या दारात कुणालातरी उभं करतो. तूही काही कमी नव्हतीस म्हणा. गावच्या विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगता सांगता तुझा हात विळीवर थांबायचा, आणि आम्ही भावंडं एकमेकांना चिकटायचो.

आणि तो तुझा नियम! दिवेलागणीनंतर बाहेरून कुणी हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी त्याला जमत नाही. तिसरी आली की समजायचं, आपलं माणूस आहे. तू मालवण सोडून मुलुंडला आलीस, तिसऱ्या मजल्यावर राहिलीस, खाली मर्क्युरीचे दिवे लखलखत होते, तरी गॅलरीतून मला तीनदाच हाक मारायचीस. मी घाईत पहिल्याच हाकेला "आले" म्हटलं तर वर गेल्यावर धपाटा. बाकीच्या पोरांना हाकेला ओ दिली नाही म्हणून मार बसायचा आणि मला दिली म्हणून, यावरून बिल्डिंगमध्ये माझी काय ती चेष्टा!

आता झालंय असं की सध्या जो ट्रेलर माझ्याकडे आलाय, त्यात एक मुलगी घरात एकटी आहे. आई वारलेली. आणि स्वयंपाकघरातून आईची हाक येते. डबिंगच्या बायका बोलावून झाल्या. कुणी घोगरं बोललं, कुणी कुजबुजलं. आमची डायरेक्टर वैतागली, "सगळ्या भूत बनतायत यार, मला आई पाहिजे!" तेव्हा तात्पुरता म्हणून मी तुझा आवाज लावला. तुला नवीन फोन घेऊन दिला होता, आठवतं? त्यातलं माईकचं बटण दाबलं की मला तिथल्या तिथे ऐकू जातं, असा तुझा समज. म्हणून तू मला निरोप ठेवायच्या ऐवजी त्यात हाकाच मारल्यास. "बाय गो!" मग माझ्या ओची वाट बघत गप्प. बांगड्या किणकिणतात. "बाय गो!" परत गप्प. मग तिसरी, जराशी चिडून, आणि शेवटी, ही पोर गेली कुठे म्हणून स्वतःशीच, "खंय गेला ह्या चेडू!"

मी दोन हाका ठेवल्या, तिसरी कापली. दुसरी हाक, काळा पडदा, शांतता. डायरेक्टरने माझा दंडच धरला. "वाट लागली माझी! कुठून आणलास हा आवाज? हाच ठेव, फायनल." मी म्हटलं, "तिसरी हाक पण आहे, ठेवूया ना." लावून दाखवली. तिसरी हाक आली आणि आम्ही दोघी हसलो, आई. भीती कुठच्या कुठे गेली. "बघ ना," ती म्हणाली, "एकदम घरचं वाटतं. नको, दोनच." तिचं बरोबर होतं. माझं कामच ते आहे. पण संध्याकाळी ट्रेलर पाठवायचा होता आणि एकदा गेला की गेला. जन्मभर जिने तिसरी हाक चुकवली नाही, तिला सगळं जग दोनदाच हाक मारताना ऐकणार. शेवटी मी स्वतः माईकसमोर उभी राहिले आणि तुझ्यासारखी हाक मारली. दोनदा. डायरेक्टरला फरक कळलासुद्धा नाही. मलाही नीटसा कळला नाही. तुझा आवाज माझ्या गळ्यात कधी येऊन बसला कुणास ठाऊक.

गेला तो ट्रेलर, माझ्या आवाजात. अंधेरीच्या स्टुडिओतून निघायच्या आधी हे फोनवर लिहितेय. तू गेल्यावर तुझा नंबर केव्हाच दुसऱ्या कुणाचा तरी झाला, त्यामुळे हे इथेच राहील. डायरेक्टरला मी सांगितलं की जुन्या रेकॉर्डिंगमध्ये कुकरची शिट्टी आहे, साफ होत नाही. तुझा मान राखायला मी तो आवाज काढला, असं तुला सांगायला मला आवडलं असतं. पण दुपारभर त्या दोन हाका पुन्हा पुन्हा लावताना एकदा मी मागे वळून दाराकडे पाहिलं. इतकी वर्षं तू कुठल्यातरी दारात दिसावीस म्हणून जीव टाकतेय मी. आणि त्या क्षणी मला वाटलं, तू तिथे नसलीस तर बरं.