आडवा पट्टा

आबा, त्या आडव्या पट्ट्याबद्दल मी आजही माफी मागणार नाही. केस पांढरे झाले, दात गेले, पण हेका गेला नाही. तो तुमचाच.

तुम्ही कापसाच्या जिनातले मिस्तरी आणि मी, तुमची लेक, तिथेच यंत्रात कपाशी घालणारी. कपाशीतून निघालेली सरकी गोदामाकडे ढकलणारा तो लांब मळसूत्री दांडा ऐन हंगामात मोडला. नारळ फोडून तुम्ही तो उतरवलात. नमुना पाठवायची तुमची रीत ठरलेली: पिळाच्या पात्यांना काजळ-तेल फासायचं, दांडा धोतराच्या फडक्यावर लोळवायचा, ठसा घ्यायचा. तेल आरपार उतरतं, म्हणून ठशाच्या बाजूला लाल दोऱ्याचा टाका. ती बाजू आत ठेवून सुरतेच्या कारागिराने फडकं गुंडाळायचं, म्हणजे पीळ उलटा होत नाही. तुमचे डोळे अधू झालेले, म्हणून ठसा मी घेतला.

सुरतेहून नवा दांडा आला तो उलट्या पिळाचा. बसवला, तर सरकी गोदामाकडे जायची सोडून परत आमच्याच अंगावर. बायका हसून लोटपोट. शेठ मात्र हसला नाही. "मिस्तरी, संध्याकाळपर्यंत चालू झालं नाही तर उद्या दुसरा माणूस आणतो." तुम्ही मान खाली घातलीत. "माप मन्हं चुकनं, शेठ," म्हणालात आणि दांडा परत पाठवायला गाडी बघायला गेलात.

मी बसून राहायला हवं होतं का? पीठ सांडलं तर भाकर लहान करावी, चूल कशाला विझवायची? दांडा उलटा, तर त्याला फिरवूही उलटं. इंजिन बंदच होतं. मी इंजिनावरून दांडा फिरवणारा पट्टा उतरवला, मधोमध तिढा देऊन आडवा टाकला. हातभर कमी पडला, तर जुना तुकडा वादीने शिवला. इंजिन सुरू झालं आणि सरकी सुरसुरत गोदामाकडे निघाली. बायका ओरडल्या, "मिस्तरीनी पोर मिस्तरी व्हयनी वं!"

तेवढ्यात तुम्ही दारात.

"कोणले इचारीसन हात लावा?"

"पन चालनं ना, आबा!"

"आडवा पट्टा घासाय जास. हाई काय कामनी रीत शे?"

सगळ्यांदेखत बोललात. शाबासकी नाहीच. पण आबा, तो पट्टा तुम्ही कधी सरळ केला नाहीत. घासला की नवा आणायचात आणि आडवाच टाकायचात. तुमची मिस्तरकी राहिली ती त्याच बिनरीतीच्या पट्ट्यावर. हे मी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

तुम्ही गेल्यावर हत्यारांच्या पेटीत तळाशी ते फडकं सापडलं. दांड्याबरोबर सुरतेहून परत आलेलं, तुम्ही घडी घालून ठेवलेलं. त्यावर टाका नव्हता.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.

टाका घालायला मी विसरले होते, आबा. आज लाल दोरा घेऊन तो घातला. हे पत्र त्याच फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवते आहे.