माझा पाट जमिनीवरच मांडा

ज्ञानेश,

मी सायखेड्याला तुझ्या पुंजामामाकडं चाललेय. मागं गाडी पाठवू नकोस.

काल डॉक्टरीणबाईंपुढं तू छाती फुगवून म्हणालास, "आम्ही आईला इकडची काडी तिकडं करू देत नाही." त्या म्हणाल्या, "म्हणूनच यांच्या मांड्या वाळल्यात. रोज उठबस करू द्या, थोडं वजन उचलू द्या." आणि येताना तू काय आणलंस? चाकाची खुर्ची! ती तुलाच ठेव. तुझं पोट बघता तुला लवकरच लागेल.

तुझ्या बायकोला, दीपमालाला सांग, तो मऊ भात आणि दुधातला पाव तूच खा. बाईंनी डाळ, उसळ, अंडी सांगितली, तर ही म्हणते, "या वयात आईंना अंडी शोभतात का?" मामी मला रोज अंडी उकडून घालणार आहे. झेंडूच्या पाट्या उचलायलाही ती मला नको म्हणणार नाही.

लोकांनी तुला श्रावणबाळ म्हणावं म्हणून मी लुळी व्हायची नाय.

परत येईन ती माझ्या पायांनी. त्या दिवशी माझा पाट जमिनीवर मांडायचा. जेवून उठताना जो हात द्यायला येईल, त्याला त्याच पाटानं हाणीन.

आई