खरवडलेली झाकणे

मी, इग्नाट्स हायडेकर, वय एकाहत्तर, निसर्गचित्रकार व चित्रकलेचा शिक्षक, राहणार ग्मुंडेन, अंगाने खचलो असलो तरी डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. लेखनिक ठेवला नाही. तो पुतण्याला फितूर झाला असता.

१. पुतण्या कोन्राड याला माझी काळी छत्री. तो दर रविवारी येतो, तब्येत विचारतो आणि नजरेने खोल्या मोजतो. जास्त मागितल्यास छत्रीही देऊ नये.

२. घर सांभाळणाऱ्या वाल्बुर्गाला स्वयंपाकघरातले सर्व सामान आणि कोंबड्या. कॉफी वाचवायला ती तीत भाजलेल्या अंजिराची पूड मिसळते, असा मला तेवीस वर्षे संशय आहे. पुरावा नाही.

३. मी सिगारपेट्यांच्या झाकणांवर तैलरंगात छोटी चित्रे करतो. दर ऑक्टोबरात फसलेली वरवर खरवडून त्याच झाकणांवर नवी रंगवतो. सहा वर्षांपूर्वी ट्राउनश्टाइन डोंगराची माझी उत्तम अकरा चित्रे नाहीशी झाली. चित्रशाळेची किल्ली माझी विद्यार्थिनी ओटिलिए श्राम हिच्याकडे असे. मी तिला सगळ्या वर्गासमोर विचारले.

ती म्हणाली, "चोरायचीच असती सर, तर चांगली नसती का नेली?"

मी तिला हाकलले आणि कन्याशाळेला पत्र लिहिले. तिथली तिची ठरलेली शिक्षिकेची नोकरी गेली. आज ती टोप्यांना रिबिनी शिवते.

वाल्बुर्गा तेव्हा म्हणाली होती, "मालक, आधी डोळे दाखवा, मग चोर शोधा." मला वाटले, ही पण सामील आहे.

या वसंतात मोतीबिंदू काढला. धुक्याचे एक चित्र खिडकीशी तिरके धरले, तर रंगाखाली ट्राउनश्टाइनचा कडा उठून दिसला. अकराही तशीच सापडली. शिकवण्या जातील म्हणून मी अधू नजर लपवली होती, आणि चांगली चित्रे मीच खरवडली होती. ओटिलिए चोर नाही. मी आंधळा होतो आणि संशयी होतो. आंधळेपणावर इलाज निघाला.

४. घर, चित्रशाळा व सर्व चित्रे ओटिलिएला. मला तिची क्षमा हवी आहे. घर घेतले तर ती क्षमाही करील, असा माझा हिशेब आहे. आज तिला बोलावून हे सर्व वाचून दाखवले. ती दाराशी उभी आहे, बसत नाही.

ग्मुंडेन, ९ सप्टेंबर १९०८
(सही) इग्नाट्स हायडेकर

साक्षीदार:
सेबाल्ड किर्खश्लागर, चर्चचा घंटावाला
आंटोन वीझिंगर, पाववाला
ओटिलिए श्राम

(शेवटच्या सहीखाली, तिच्या अक्षरात) साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सही केली. तिसरे कलम तेवढे कन्याशाळेत मोठ्याने वाचावे.