अर्धा कप नको म्हटलं, त्याचं कारण

१४ मार्च, शनिवार

ती. वन्संना नमस्कार.

भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नका. ऐकणार नाहीत, तरी सांगत राहा. इकडे परीक्षा संपल्या. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जेवणाच्या टेबलावर आहेत, त्यामुळे मी ओट्याशी उभ्यानंच जेवते. बाकी ठीक.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आमच्याशी संबंध तोडायचाय का तुला? तसं असेल तर तोंडावर सांग." मी म्हणाले, सर्दी होती, बाळाला लागू नये म्हणून लांब राहिले. तुम्ही "बरं" म्हणालात. तुमचं ते "बरं" मी ओळखते.

सर्दी नव्हती, वन्सं.

हे होते तेव्हापासूनची आपली रीत. चहाचा पहिला घोट मी घ्यायचा, साखर बरोबर आहे का ते सांगायचं आणि कप तुमच्याकडे सरकवायचा. हे चिडवायचे, "दोघींत मिळून एकच जीभ!" सूनबाईंच्या बाळाला बघायला तुमच्याकडे आले, त्या दिवशी मी वेगळा कप मागितला. तुम्ही म्हणालात, "तुझं उष्टं मला चालतं गं, तुलाच आमचं घर चालेना झालं." नंतर सूनबाईंनी बाळ पुढे केलं आणि मी हात मागे घेतले. स्वयंपाकघरात तुम्ही तिला हळूच म्हणालात, "तिला मूल नाही ना, जड जात असेल." ते मला ऐकू आलं. राग नाही आला. खरं कारण सांगण्यापेक्षा तेच बरं, असं वाटलं, म्हणून तुमचा तो समज मी तसाच राहू दिला. तुम्हाला त्यानं किती लागेल, हा विचार मागाहून आला.

डिसेंबरात पेपर तपासायला बाहेरगावी गेले होते. तिथे गणिताचे एक सर होते. रोज शेजारी बसायचे, माझ्या गुणांची बेरीज पडताळून द्यायचे. हसवायचे. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले. स्वतःहून गेले, कुणी ओढून नेलं नाही. काळजी घ्यायची असते, ती आम्ही दोघांनीही घेतली नाही.

घरी आल्यावर भीती सुरू झाली. एचआयव्हीची. त्यांना फोन करून विचारलं, तुम्ही कधी तपासणी केली आहे का? ते म्हणाले, "मी तसला माणूस वाटलो का तुम्हाला?" आणि फोन ठेवला. तसला म्हणजे कसला, हे मी खूप दिवस स्वतःला विचारत होते. मग मीही तसलीच ना?

दवाखान्यात गेले तोवर उशीर झाला होता. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "संसर्ग टाळायच्या गोळ्या असतात, पण त्या तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. आता तपासणी करू. एकाच वेळच्या संबंधातून लागण होण्याची शक्यता कमी असते. शून्य मात्र म्हणणार नाही." पहिली तपासणी निर्दोष आली. तीन महिन्यांनी पुन्हा केली की खात्री, म्हणाल्या. मधल्या काळात घसा दुखला की मी आरशासमोर, अंगावर पुरळ दिसलं की दिव्याखाली. बाई म्हणाल्या, "मॅडम, लक्षणं शोधू नका. शोधली की सापडतात."

तुमच्याकडे आले ते त्या मधल्या काळात. वन्सं, मी नववीला जीवशास्त्र शिकवते. उष्ट्या कपानं, मिठी मारल्यानं, मूल मांडीवर घेतल्यानं हा आजार पसरत नाही, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते, मुलींकडून म्हणवून घेते. आणि तुमच्या घरात मी कप वेगळा मागितला! मला आजाराची नव्हे, स्वतःची शिसारी आली होती. तिला मी काळजीचं नाव दिलं.

काल दुसरा अहवाल आला. मला लागण झालेली नाही. मला वाटलं होतं, हायसं वाटेल. मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडले. एवढी मोठी गोष्ट पार पडली आणि ती ह्यांना सांगायची राहिली, असं मनात आलं, मग कळलं की सांगायला ते नाहीत. ते गेल्यापासूनच्या चार वर्षांत मला हे असं पहिल्यांदा कळलं.

अहवाल चांगला आला म्हणून हे लिहितेय का? वाईट आला असता तर सर्दीच सांगितली असती का? प्रामाणिक उत्तर मला ठाऊक नाही.

तुमच्या भावाशी मी प्रतारणा केली असं मला वाटत नाही. तुम्हाला वाटलं, तर वाटू शकतं. तो तुमचा भाऊ होता. माफीही मागत नाही, फक्त त्या दिवशी तुम्हाला दुखवलं त्याची मागते. तुम्ही बोलावल्याशिवाय मी येणार नाही. भावोजींना सांगायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवा.

तुम्ही परकी म्हणेपर्यंत तुमचीच,
भावजय