परांचीचं कार्ड

५ मे, सोम.
धाराशिवला ट्रेनिंग. इथल्याच वाशी तालुक्यातल्या पाण्याच्या टाकीवरचे आमी चौघं. सव्वीस वर्षं परांच्या बांधतोय, आता शिकायला बसवलं. नवीन नियम. कार्ड नसलं तर परांचीला हात लावायचा न्हाय. शिकवायला देशमाने मॅडम, कंपनीच्या सेफ्टी ऑफिसर. माझ्या पोरीच्या वयाच्या. सांगणं नीट. पाईपाखाली पत्रा पाहिजे, फळीच्या कडेला कठडा, बेल्टाला दोन हुक, एक काढला तरी दुसरा अडकलेला. सगळं माहीत होतं. करत न्हवतो एवढंच.

६ मे
फॉर्म भरला. सातवा प्रश्न, उंचीवर चक्कर येते का. गेल्या महिन्यात दोनदा आली. वर असतानाच. पाईप धरून डोळे मिटले, गेली. कुणाला माहीत न्हाय. शेजारी आमच्या चौघांतला बालाजी लिहीत होता. 'नाही'वर खूण केली. डॉक्टरनं बी.पी. बघून सही दिली.

९ मे
कार्ड आलं. फोटो बरा आलाय. टाकीवरची तपासणी मॅडमनी माझ्याकडं दिली. रोज सकाळी परांची बघायची. नीट असली तर हिरवा बोर्ड, नसली तर लाल. वारं-पाऊस झाला की पुन्हा बघायची, तोवर कुणी चढायचं न्हाय. बालाजी म्हणला, "मामा, सायेब झालात की."

१४ मे, बुध.
काल सांजच्याला वादळ, गारा. सकाळी सुपरवायझर बोर्डापाशीच उभा. "काय पडलं न्हाय मामा, हिरवा लावा. काँक्रीटची गाडी निघालीय."
म्हणलं, बघून येतो.
तिसऱ्या टप्प्यापर्यंत ठीक. चौथ्याला चढताना टाकी फिरायला लागली. पाय सुटला. हुक अडकवला होता म्हणून लटकलो. किती वेळ, सांगता येत न्हाय. मागच्या बाजूला होतो, कुणाला दिसलं न्हाय. पाईप हाताला लागला, उतरलो. लाल बोर्ड लावला. रजिस्टरात लिहिलं, चौथ्या टप्प्याचे क्लॅम्प ढिले. चौथा टप्पा बघितलाच न्हवता.
सुपरवायझर लई बोलला. गाडी परत गेली.

१५ मे
दुरुस्तीला बालाजीला पाठवलं. कंबर धरलीय म्हणून सांगितलं, खालीच थांबलो. थोड्या वेळानं वरून आवाज, "मामा, तीन क्लॅम्प ढिले हायेत. एक तर नुसत्या हातानं फिरतोय."
दुपारी मॅडमचा फोन. "मामा, तुमच्यामुळं माणसं वाचली."
बरं म्हणून फोन ठेवला. पोरांनी चहाला नेलं. पिलो.

१६ मे
बायकोला, कमलला, सगळं सांगितलं. ती तेरखेड्याला फटाक्याच्या कारखान्यात कामाला जाते. भाकरी थापत ऐकून घेतलं. मग म्हणली, "आमच्या शेडात एकानं काय लपवलं तर त्यो एकटाच जात न्हाय."
कार्ड काढून घेतलं तर, विचारलं. तिनं पुढची भाकरी थापायला घेतली.

१९ मे, सोम.
मॅडम टाकीवर आल्या. पोरं जेवायला बसल्यावर सांगितलं. फॉर्म, चक्कर, क्लॅम्प न बघता लिहिलं तेपण.
मॅडमनी रजिस्टर काढून ते पान वाचलं. मग, "लाल बोर्ड कशाला लावलात?"
"न बघता हिरवा कसा लावू?"
"मग तसंच लिहायचं. बघता आलं नाही म्हणून."
बरोबर होतं. कार्ड मागितलं, दिलं. रजिस्टरात त्याच पानाखाली खरं काय ते माझ्याच हातानं लिहायला लावलं. चार ओळी झाल्या. सही केली. उद्यापास्नं खालचं काम, पाईप मोजून देणं.


२२ मे
धाराशिव. कानाचे डॉक्टर. डोकं धरून एका अंगावर झोपवलं, खोली फिरली. म्हणले, कानातलंच दिसतंय, बहुतेकांचं बरं होतं, काहींना परत येतं. अजून एक तपासणी हाय, मंगळवारी. वर चढता येईल का, विचारलं. म्हणले, आधी तपासणी होऊ द्या.
येताना एस.टी.त बालाजीचा फोन. आता तपासणी त्याच्याकडं.
"मामा, मघाशी जोराचं वारं सुटलं होतं. आता कुणाला चढू देऊ का नको?"
"तू वर जाऊन आलास का?"
"न्हाय अजून. तुमाला विचारावं म्हणलं."
"मला इथनं काय दिसतंय? बेल्ट घाल अन् जाऊन ये."
त्यो बरं म्हणला. मग, "तुमी कधी येताय वर?"
माहीत न्हाय, म्हणलं.