आत्याचा पांढरा मफलर

५ ऑक्टोबर

चि. खारुताईस,
अ. उ. आ. आणि त्यावर एक धपाटा, कारण तुझं पत्र येऊन इतके दिवस झाले की आता तुझी खुशाली पोस्टमनलाच विचारायची वेळ आली आहे.

मी ठणठणीत आहे. बिघडल्या आहेत त्या वस्तू. हल्लीच्या दिव्यांत उजेड नाही आणि साबणात मळ काढायची धमक नाही. चादरी धुवून येतात त्या पिवळट. धोबिणीला मी दोनदा बोलले, तर ती फुरंगटून बसली आहे. तुझा बाबा परवा येऊन गेला. तो म्हणतो की चादरी चांगल्या पांढऱ्याशुभ्र आहेत. पण त्याच्या म्हणण्याला काय अर्थ आहे? लहानपणी त्याने चित्रातली गाय हिरवी रंगवली होती, आणि वर ती गवत खाते म्हणून हिरवी असं मला समजावून सांगितलं होतं.

बागेसाठी तू केलेलं पावसाचं पोस्टर मी समोरच्या भिंतीवर लावलं आहे. पहिला निळा फार फिका होता. तू गडद केलास तरी फिकाच. तिसऱ्यांदा मात्र जमला. आता कसा शांत, राखाडीकडे झुकणारा दिसतो. रोज चहा पिताना त्याच्याकडे बघते. थंडीच्या पोस्टरचं घोडं मात्र अडलं आहे आणि बागेच्या मंडळींनी तुझे दोन नमुने परत केले, असं बाबा सांगत होता. तू मला का नाही कळवलंस? चांगलं झालेलं तेवढं आत्याला सांगायचं, असा काही नियम आहे का?

सोबत मफलर पाठवते आहे. तो कसा विणला आहे ते मुद्दाम लिहीत नाही. नीट बघ. बघायला तुला मीच शिकवलं, तेव्हा कळायला हवं.

लोभ आहेच. तो उतू जायच्या आत उत्तर पाठवावं.
तुझी,
आत्या

१४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. धपाटा आणि मफलर दोन्ही पोचले. धपाटा परत करता येत नाही, मफलर मी मेले तरी करणार नाही.

नमुने परत आल्याचं कळवलं नाही, कारण लाज वाटत होती. पहिल्यात नुसत्या पांढऱ्या फांद्या होत्या. मंडळी म्हणाली की हे बघूनच सर्दी होईल. दुसरा बघून त्यांच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं की हे औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर आहे का. तिसराही पटला नाही, तर हे काम जाईलच, पुढचं वसंताचंही दुसऱ्या कुणाला देतील. माझा खारीसारखा साठवलेला सगळा खजिना टेबलावर ओतला होता: जुनी तिकिटं, बिस्किटांचे कागद, संत्र्यांवरचे गोल स्टिकर. काही म्हणून सुचत नव्हतं.

आणि तुझं पार्सल उघडलं. आत्या, कसं गं सुचलं तुला हे? एवढा पांढरा मफलर आणि त्यात मधूनच तो कोवळा, लिंबासारखा पिवळा. कुठे बोटभर, कुठे दोनच ओळी, मग बराच वेळ काही नाही, आणि ध्यानीमनी नसताना पुन्हा. अगदी थंडीतलं ऊन. आलं म्हणेपर्यंत जातं, गेलं म्हणेपर्यंत पायाशी येऊन बसतं. मला हे आयुष्यात जमलं नसतं. माझे हात लगेच मोजायला लागतात आणि पट्टे रांगेत उभे राहतात.

त्यावरूनच पोस्टर केलं. खाली काचघरातला बाक, त्यावर पाठमोरी बसलेली बाई, आणि तिच्या गळ्यातल्या मफलरचं टोक वर वर जात अख्खं आकाश झालं आहे, तुझ्या पट्ट्यांसकट. आम्ही तिघी मैत्रिणी एकाच माळ्यावर काम करतो, तेव्हा काही लपत नाही. मडकेवाली (तीच, जिच्या कपाचा कान तुझ्या हातात निघून आला होता) चिखलाच्या हातांनी ते धरायला आली, तिला हाकललं. रंगारीण दिवसभर लोकर रंगवते, सहसा कुणाचं कौतुक करत नाही. तिने मफलर खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली की असं धाडस करणाऱ्या बाईला तिला एकदा भेटायचंच आहे.

शुक्रवारी मंडळींसमोर ठेवते. देव पाण्यात घालू नकोस, तू स्वतःच माझी आठवण काढत जागी राहा म्हणजे झालं.
लोभात आत्तापर्यंत आहे तशीच अवाजवी वाढ होत राहावी.
तुझी,
खारुताई

२२ ऑक्टोबर

चि. खारुताईस,
अ. उ. आ. वि. वि. मंडळी काय म्हणाली ते कळव. पण त्याआधी मला सांग, कुठला पिवळा?

मफलर पांढरा आहे. अख्खा पांढरा. नवी लोकर आणली ती पुरली नाही, म्हणून जुन्या पेटीतले उरलेसुरले पांढरे गुंडे मध्ये मध्ये घातले, इतकंच. तुला कळायला हवी होती ती वीण! ती बारीक दाण्यांची वीण आम्हाला शाळेत सिस्टरनी बोटांवर पट्टी मारून शिकवली होती. एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत बरोबर त्याच्या विरुद्ध. दोन महिने मी त्यात मान मोडली आणि तुम्ही तिघी त्यात ऊन कसलं शोधताय!

त्या पेटीत तुझ्या लहानपणच्या बदकाच्या टोपीची पिवळी लोकर होती, हे खरं. पण ती मला ओळखू येणार नाही? जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आहे, बाळा. दिवसभर कॉम्प्युटरला डोळे लावून बसतेस, त्याचा हा परिणाम. आधी जाऊन डोळे दाखवून ये. हा सल्ला नाही, हुकूम आहे.
हुकमाखाली लोभ आहे हे वेगळं सांगत नाही.
तुझी,
आत्या

३० ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. हुकमाप्रमाणे डोळे दाखवून आले. अगदी उत्तम आहेत.

हे पत्र कसं लिहावं ते कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. मफलरमध्ये पिवळा आहे, आत्या. बदकाच्या टोपीचा. मी मडकेवालीला विचारलं, रंगारिणीला विचारलं, जिन्यात भेटलेल्या पोस्टमनलाही विचारलं. मग तुझी आधीची पत्रं काढून बसले. दिव्यांत उजेड नाही. चादरी पिवळट. माझा निळा दोनदा गडद केला तेव्हा कुठे तुला तो निळा वाटला. छापताना छापखानेकाका म्हणाले होते की पोरी, आता शाईचा डबाच कागदावर उपडा करू का. तुझी धोबीण निर्दोष आहे, असं मला वाटायला लागलं आहे. मडकेवालीच्या आजोबांना असंच होत होतं. ते म्हणायचे की जग चहातून गाळून आल्यासारखं दिसतं. मोतीबिंदू निघाला. काढला, आणि आजोबा आता पेपरातल्या छपाईच्या चुका काढतात.

मंडळींनी पोस्टर पास केलं. अध्यक्षीणबाई तर उभ्या राहिल्या. पण छापखानेकाकांना मी थांबवून ठेवलं आहे. तू चित्रकलेच्या बाई. तुझ्या हातून नकळत झालेलं मी गावभर भिंतींवर लावावं का, ते तू ठरव. नको म्हणालीस तर मी ते मागे घेईन आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. डोळे मात्र दाखवायचेच. हाही हुकूमच आहे, आणि तो मी तुझ्याकडूनच शिकले.
रागावलीस तरी लोभ चालू ठेवावा.
तुझी,
खारुताई

१४ नोव्हेंबर

चि. खारुताईस,
अ. उ. आ. उत्तराला वेळ लावला. आधी रागावले होते, आणि मग घाबरले होते.

पेटीतले उरलेले गुंडे खिडकीत मांडले आणि शेजारी राहणाऱ्या बँकवाल्यांना बोलावून सहज म्हणून विचारलं की यात काय दिसतं. त्यांनी पांढरे उजवीकडे ठेवले, पिवळे डावीकडे. माझ्यासमोर दोन ढीग आणि मला एकच दिसत होता. किती मुलींना मी सांगितलं असेल की इथे निळा संपतो आणि इथे जांभळा सुरू होतो! माझ्यापाशी दुसरं आहे काय? गाता येत नाही, स्वयंपाक बेताचा. डोळे तेवढे चांगले, असं लोक म्हणायचे. त्यांना कुणी हात लावायचा आणि नंतर काहीच दिसलं नाही तर, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

शेवटी तुझा बाबा मला ओढून डॉक्टरकडे घेऊन गेला. आणि डॉक्टरच्या खुर्चीत कोण बसलेली असावी? माझी विद्यार्थिनी! लांब वेण्यांची, सतत खिडकीबाहेर बघणारी. चित्रकलेत तिच्याइतकी ढ मुलगी माझ्या वर्गात दुसरी नव्हती. पट्टी धरूनही तिची रेघ वाकडी यायची. तिच्या हातात माझा डोळा द्यायचा? मी तसं तिला तोंडावर विचारलं. तुझा बाबा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ती मात्र हसली आणि म्हणाली की बाई, डोळ्यात सरळ रेघ नसतेच, सगळा गोल कारभार असतो, आणि गोलात तुम्ही मला पास केलं होतं.

म्हणून होकार दिला. डिसेंबरच्या सुरुवातीला उजवा डोळा, महिन्याभराने डावा. रात्री झोप नाही, पण हे बाबाला सांगू नकोस.

आणि पोस्टर छाप. इतकी चांगली चूक मला जाणूनबुजून कधी जमली नव्हती.
लोभ दोन्ही डोळ्यांनी आहे, सध्या अंधुक असला तरी.
तुझी,
आत्या

२ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. पोस्टर लागलं! बागेच्या फाटकावर, वाचनालयाच्या जिन्यात, बसथांब्यावर. काल एक बाई थांब्यावर उभी राहून आपल्या मैत्रिणीला म्हणत होती की असा मफलर मिळतो कुठे. मी मान वर करून तिच्यासमोरून दोनदा गेले, तुझाच घालून. तिने पाहिलं तेव्हा कुठे घरी आले.

मडकेवाली तुझ्यासाठी नवा कप करते आहे. या कपाचा कान हत्तीने ओढला तरी निघणार नाही म्हणते. त्यामुळे कप उचलताना तुला हत्ती लागेल, असं रंगारिणीचं मत. दोघींना तुझ्यासारखाच मफलर हवा आहे, आणि छापखानेकाकांनाही, फक्त त्यांनी तो बायकोसाठी म्हणून मागितला आहे.

गुरुवारी मी येते. बाबा ती हिरवी गाय शोधून बरोबर आणणार आहे. डोळा उघडल्यावर पहिल्यांदा तीच दाखवायची आणि तुझ्याकडून ती हिरवीच असल्याचं कबूल करून घ्यायचं, असा त्याचा बेत आहे. मी हात धरून बसेन. तू घाबर हवी तेवढी, कुणाला सांगणार नाही.
लोभ तर आहेच. गुरुवारी समोरासमोर मोजून घेऊ.
तुझी,
खारुताई

२० डिसेंबर

चि. खारुताईस,
अ. उ. आ. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी घरभर फिरते आहे आणि लाजेने लाल होते आहे. इतकी धूळ! इतकी जळमटं! तुम्ही सगळे येऊन चहा पिऊन गेलात आणि एकानेही तोंड उघडलं नाही. आरशातही एक फार सुरकुतलेली बाई आहे. तिच्याशी हळूहळू ओळख करून घेते आहे.

पण निळा! खारुताई, न्हाणीघरातली बादली निळी आहे. इतकी वर्षं मी तिला करडी समजत होते. परवा सकाळी तिच्यात पाणी भरत नुसती उभी राहिले, ते पाणी वाहून दाराबाहेर गेलं तरी कळलं नाही. तुझं पावसाचं पोस्टर मात्र बघून दचकले. केवढा भडक तो निळा, आणि तो मी तुझ्याकडून तीनदा करून घेतला! तरी काढलेलं नाही. आता त्याच्यासमोर चहा पिते आणि हसते.

धोबिणीची माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की एवढी बोलणी खाल्ली, तर निदान एक मफलर तरी मिळायला हवा. म्हणजे तीही तुझ्या मैत्रिणींच्या रांगेत.

तुझं थंडीचं पोस्टर मी आधी डाव्या डोळ्याने पाहिलं. बाक, बाई आणि वर कोरं आकाश. मग डावा मिटून उजव्याने. ऊन आलं. पुन्हा डाव्याने, गेलं. पुन्हा उजव्याने, आलं. बँकवाले दारातून विचारत होते की बाई, काही त्रास होतोय का. त्यांना काय सांगू?

मग नवा मफलर विणायला घेतला, मडकेवालीचा. पांढरा आणि पिवळा समोर ठेवून, उजव्या डोळ्याने, मुद्दाम बेशिस्त. आणि काय झालं असेल सांग. तीन ओळी पांढऱ्या, तीन पिवळ्या, तीन पांढऱ्या! सिस्टरची पट्टी अजून बोटांवर आहे. उसवला, पुन्हा घातला, पुन्हा तेच. शाळेच्या गणवेशासारखा दिसायला लागला.

शेवटी बँकवाल्यांना सांगितलं की सगळे गुंडे एका पिशवीत मिसळून द्या. आता उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून बसते, पिशवीत हात घालते, येईल तो गुंडा लावते. मला सगळा पांढराच दिसतो. रुमाल सोडला की काय झालंय ते कळतं, आणि दर वेळी आश्चर्य वाटतं. माझी डॉक्टर हे ऐकून इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. डाव्या डोळ्याची तारीख मात्र एका दिवसानेही पुढे ढकलणार नाही म्हणाली. म्हणजे जानेवारीत हाही शहाणा होणार. तोवर जेवढे होतील तेवढे. आणखी कुणाला हवा असेल तर ताबडतोब कळव.

लोभ असावा, आणि अक्षर वाकडं आलं असेल तर हसू नये; रुमाल अजून सोडलेला नाही.
तुझी,
आत्या