न सुटणारी मूठ

नवेगाव बांध. १८ नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळ.

आज गोंदियाच्या डॉक्टरनं माझे दंड दाबून पाहिले आणि म्हणाला, "ये ताकत नहीं है भैया, सूजन है." स्नायूंचा हा आजार क्वचितच दिसतो म्हणे. आणि मूळ कुठं? तर गळ्यात! थायरॉईड मंदावलंय. दुखतात पोटऱ्या, आखडतो हात आणि बिघाड गळ्यात? मला अजून समजून नाही राहिलं.

गावात सगळे मला पहिलवान म्हणतात. पण तळ्यात फेकलेलं जाळं गोल उघडत नाही, कारण मूठ वेळेवर सुटत नाही. काल पुन्हा ते गोळा होऊन पाण्यात पडलं. डोंग्यातून साळा ओरडला, "भाऊजी, येवढे दंड कायले कमावले मंग?" मी हसत जाळं ओढून घेतलं. मलाही तेच विचारायचं होतं.

आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. मसुराच्या डाळीएवढी. हळूहळू हात मोकळा होईल, असं डॉक्टर म्हणतो. मग मला आनंद काऊन नाही होऊन राहिला?

ती मूठच डोक्यातून जात नाही. वर्ष झालं, शाळेच्या फाटकाशी पोरीचा हात सोडायला जातो, तर माझी बोटं उशिरा उघडतात. ती मैत्रिणींना तोऱ्यात सांगते, "माहा बाबा मले सोडतच नाही."

उद्या बरा झालो आणि हात पटकन सुटला, तर तिला काय वाटेल? इतके दिवस तिला धरून कोण होतं, आजार की मी? मलाच कळत नाही.